रिपोर्टमध्ये आरए निघालाय? पहिल्या वर्षात काय काय करायचं

आखाजीला माहेरी गेले होते, अंगणातल्या लिंबाला झोका बांधलेला, वहिनीने हाताला धरून बसवलं आणि तेव्हा लक्षात आलं की दोरी मुठीत धरताच येत नाहीये, बोटं अर्धीच वाकतायत. आई म्हणली, "काही नही, वात शे," आणि एरंडेल गरम करायला आत गेली. मी तेव्हा ३६ ची. रुमॅटॉइड आर्थ्रायटिस, म्हणजेच आरए, हे नाव कानावर पडायला त्यानंतर आठ महिने गेले, ते आठ महिने मी कसे वाया घालवले ते पुढे येईलच. मी डॉक्टर नाही, अमळनेर तालुक्यातली नऊ वर्षं जुनी पेशंट आहे, त्यामुळे खाली जे लिहिलंय ते वाचून स्वतःच्या मनाने गोळी चालू-बंद करू नका, पण डॉक्टरांसमोर बसताना काय विचारायचं आणि घरी काय सांभाळायचं ते यातून नक्की कळेल.

पायरी १: हा कोणता वात आहे ते आधी ठरवा

आपल्याकडे गुडघा दुखला तरी वात, कंबर धरली तरी वात, अंगठा सुजला तरी वात. पण गुडघ्याची झीज वेगळी, युरिक अॅसिडचा गाऊट वेगळा आणि चिकुनगुनिया होऊन गेल्यावर महिनोन्महिने राहणारी सांधेदुखी आणखी वेगळी. २००६ साली महाराष्ट्रात चिकुनगुनियाची मोठी साथ आली होती तेव्हापासून ही शेवटची दुखणी घरोघरी माहीत आहेत, आणि ती वरून अगदी आरएसारखीच दिसतात, म्हणून आधी ताप येऊन गेला होता का हे डॉक्टरांना आठवणीने सांगा.

आरए म्हणजे आयुर्वेदवाले ज्याला बहुतेक वेळा आमवात म्हणतात तो. यात शरीराची स्वतःची रोगप्रतिकारशक्तीच सांध्याच्या आतल्या अस्तरावर चाल करून जाते, अस्तर सुजतं आणि वेळेत आवरलं नाही तर शेजारची कूर्चा (हाडांच्या टोकांवरची गुळगुळीत गादी) आणि हाड कुरतडायला लागतं. बायकांना पुरुषांपेक्षा दोन-तीन पट जास्त होतो आणि बहुतेक वेळा ऐन कामाच्या वयात, तिशी-पन्नाशीच्या मधे.

ओळखायचं कसं, तर दुखणं छोट्या सांध्यांत असतं, मनगट, बोटांची मुळं, बोटांची मधली पेरं, पायाच्या बोटांची मुळं, आणि बऱ्याचदा दोन्ही बाजूंना. नखाजवळचं शेवटचं पेर सहसा सुटतं. सकाळी उठल्यावर हात अर्धा तास-तासभर आखडलेले राहतात आणि जसजसं काम कराल तसतसे मोकळे होतात. झिजेच्या दुखण्यात बरोबर उलटं असतं, ते काम केल्यावर वाढतं. माझ्या नणंदेचं तर कापूस वेचणीत लक्षात आलं, सकाळच्या पहिल्या दोन ओळींत बोंडातून कापूस ओढायला बोटं चालायचीच नाहीत आणि दुपारी मात्र बरोबरच्या बायकांच्या जोडीने वेचायची, म्हणून घरच्यांना वाटायचं ही सकाळी मुद्दाम टाळाटाळ करते.

असं सहा आठवड्यांच्या वर चाललं असेल तर थांबू नका.

तपासण्यांचं थोडं सांगते कारण इथे पैसे फुकट जातात. लॅबमध्ये "वाताची तपासणी" म्हणलं की आरए फॅक्टर, एएसओ आणि युरिक अॅसिड असं तिघांचं पाकीट करून देतात. त्यातल्या एएसओचा मोठ्या माणसाच्या आरएशी काही संबंध नाही. आरए फॅक्टर पॉझिटिव्ह आला म्हणजे आरए झालाच असं नसतं, टीबीत, हिपॅटायटिस सी मध्ये, नुसत्या म्हातारपणातही तो पॉझिटिव्ह येतो, आणि निगेटिव्ह आला म्हणून सुटलात असंही नाही, कारण खऱ्या आरएच्या पेशंटपैकी साधारण पाचातल्या एकाचा, कधी त्याहून थोड्या जास्त लोकांचा रिपोर्ट निगेटिव्हच असतो. अँटी सीसीपी नावाची तपासणी जास्त भरवशाची, महाग असते पण ती एकदाच करायची आहे. सूज किती आहे ते ईएसआर आणि सीआरपी सांगतात. शिवाय दोन्ही हात-पायांचा एक्सरे, पुढे तुलना करायला उपयोगी पडतो.

पायरी २: योग्य डॉक्टर गाठा, आणि फोटो काढून न्या

या आजाराचा डॉक्टर म्हणजे रुमॅटॉलॉजिस्ट. हाडांचे डॉक्टर ऑपरेशनचे, हा आजार औषधांचा. अडचण ही की खान्देशात असे डॉक्टर कमीच, बरेच जण नाशिक, संभाजीनगर, पुणे-मुंबई गाठतात आणि नंदुरबारकडचे लोक सुरत जवळ पडतं म्हणून तिकडे जातात. पण तिकडची तारीख मिळेपर्यंत घरी बसून राहू नका. एमडी मेडिसिन डॉक्टर पहिलं औषध सुरू करू शकतात, धुळ्याचं हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, जळगावचं २०१८ ला सुरू झालेलं आणि नंदुरबारचं २०२० चं, तिन्हीकडे मेडिसिनची ओपीडी आहे. सुरुवातीच्या तीन ते सहा महिन्यांत औषध सुरू झालं तर नंतर सुरू केलेल्यांपेक्षा सांधे जास्त वाचतात, ही गोष्ट जगभरच्या डॉक्टरांनी मान्य केलेली आहे. हाडाचं कुरतडणं बहुतेकांत पहिल्या दोन वर्षांतच सुरू होतं आणि एकदा वाकडं झालेलं बोट कुठल्याही गोळीने सरळ होत नाही.

आता फोटोचं. तुम्ही पहाटे चारला उठून गाडी पकडता, दुपारी दोनला नंबर लागतो, तोवर हात मोकळे झालेले, त्यात निघताना पेनकिलर घेतलेली, डॉक्टर बघतात तर सूज नाहीच! म्हणून जास्त सूज असेल त्या दिवशी सकाळी गोळी घ्यायच्या आधी दोन्ही हातांचा फोटो काढा, मूठ वळून एक आणि तळवा पसरून एक. रक्ताच्या तपासण्या चार दिवस आधी गावातच करून घ्या, म्हणजे तिकडे अर्धा दिवस लॅबसमोर जात नाही. जुन्या सगळ्या चिठ्ठ्या तारखेप्रमाणे एका फाइलमध्ये लावा. मागे कधी टीबी, कावीळ, नागीण झाली असेल तर ते लिहून न्या, विचारलं नाही तरी सांगा.

पायरी ३: मेथोट्रेक्सेट, आठवड्यातून एकदाच

सगळ्यात मोठी पायरी ही, म्हणून सावकाश वाचा.

बहुतेकांचं पहिलं औषध मेथोट्रेक्सेट असतं, पेशंट लोक त्याला मेथो म्हणतात. मेडिकलवाल्याने किंवा गूगलने सांगितलं असेल की हे कॅन्सरचं औषध आहे, आणि घरात रडारड झाली असेल. आहेच ते कॅन्सरचंही, पण तिथे डोस फार मोठा असतो, आरएमध्ये आठवड्याला ७.५ पासून २५ मिलिग्रॅमपर्यंत. अमेरिकेत आरएसाठी त्याला १९८८ साली मान्यता मिळाली आणि तेव्हापासून नवी नवी औषधं आली तरी सुरुवात आजही याच्यापासूनच करतात.

ही गोळी आठवड्यातून एकदा घ्यायची असते, रोज अजिबात नाही. आमच्या गल्लीतल्या एका मावशींना एका मेडिकलवाल्याने पाकिटावर नेहमीच्या सवयीने "रात्री १" असं लिहून दिलं, त्यांनी नऊ दिवस रोज घेतली. आधी तोंड आलं, इतकं की पाणी पण गिळवेना, मग ताप, मग रक्तातल्या पांढऱ्या पेशी एकदम खाली. दवाखान्यात दाखल करून उतारा म्हणून फोलिनिक अॅसिडची इंजेक्शनं द्यावी लागली, वाचल्या, पण अशा चुकीत माणसं दगावतातही. म्हणून डॉक्टरांकडून चिठ्ठीवर वाराचं नाव मराठीत लिहून घ्या. मी आमच्या आठवडे बाजाराचा दिवस धरलाय. बाजाराची पिशवी खुंटीवर जिथे असते तिथेच गोळीचं पाकीट, बाजार करून आलं, जेवलं, गोळी घेतली आणि झोपलं. रात्री घेतल्याने मळमळ झोपेत निघून जाते. फोलिक अॅसिड वेगळं, कुणी डॉक्टर दुसऱ्या दिवशी एकच देतात, कुणी मेथोचा दिवस सोडून बाकीचे दिवस देतात, तुमचे सांगतील तसं घ्या पण टाळू नका, तोंड येणं आणि मळमळ त्यानेच आटोक्यात राहते. या दोन्ही गोळ्या कधी कधी सारख्याच पिवळ्या दिसतात, वेगवेगळ्या डब्यात ठेवा.

लगेच फरक पडत नाही. साधारण दीड महिन्याने जाणवायला लागतो, पूर्ण कळायला तीन महिने. याच मधल्या काळात बरेच लोक सोडून देतात आणि मग म्हणतात "अॅलोपॅथीने काही झालं नाही".

सुरू करायच्या आधी रक्तगणती, लिव्हर, किडनी, हिपॅटायटिस बी आणि सी, छातीचा एक्सरे. नंतर पहिले तीन महिने दर दोन-चार आठवड्यांनी आणि पुढे दर दोन-तीन महिन्यांनी रक्त तपासायचं. ही तपासणी "आता बरं वाटतंय" म्हणून चुकवायची नाही, लिव्हरला सूज आली तर सुरुवातीला बाहेरून काहीच दिसत नसतं. दारू बंद. बाईंना सांगायची गरज नाही असं समजू नका, पुरुष पेशंटच्या बायकोने ही ओळ मोठ्याने वाचावी.

आणखी दोन गोष्टी कुणी सांगत नाही. एक, लघवीच्या जळजळीला वगैरे सेप्ट्रान नावाची गोळी गावोगाव सर्रास देतात, मेथोवर असताना ती चालत नाही, रक्तपेशी एकदम घसरतात. कुठल्याही डॉक्टरकडे गेलात तर आधी "मी मेथोट्रेक्सेट घेते" हे वाक्य म्हणायचं. दोन, मेथो किडनीवाटे बाहेर पडतं, आणि आपल्याकडे जळगाव-भुसावळला मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो. ऊन लागून उलट्या-जुलाब झाले, अंगातलं पाणी कमी झालं तर औषध अंगात साचतं. अशा आठवड्यात, किंवा मोठा ताप असेल तेव्हा, गोळी घ्यायच्या आधी डॉक्टरांना फोन करा, बहुतेक वेळा ते तो एक आठवडा सोडायला सांगतात. कोरडा खोकला आणि चालताना धाप लागायला लागली तरी लगेच कळवा.

जोडीला हायड्रॉक्सिक्लोरोक्विन, सल्फासलाझिन, लेफ्लुनोमाइड यातलं काही देतील. पहिलीसाठी सुरुवातीला एकदा डोळ्याचा पडदा तपासून घ्यायचा, पाच वर्षांनंतर दरवर्षी. दुसरीने लघवी नारिंगी होते, घाबरू नका.

पायरी ४: स्टिरॉइड आणि पुड्या

१९४८ च्या सप्टेंबरात अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये डॉ. फिलिप हेंच यांनी अंथरुणाला खिळलेल्या २९ वर्षांच्या एका बाईला पहिल्यांदा कॉर्टिसोन टोचलं आणि थोड्याच दिवसांत ती बाहेर खरेदीला जाऊन आली. १९५० ला त्यांना आणि बरोबरच्या दोघांना नोबेल मिळालं. पण जसजसं हे औषध जास्त दिवस देत गेले तसतसा चेहरा सुजणं, साखर वाढणं, हाडं ठिसूळ होणं हे सगळं वर आलं. आज डॉक्टर लोक स्टिरॉइड देतात ते मेथो लागू पडेपर्यंतचे दोन-तीन महिने, कमी डोसमध्ये, मग उतरवत उतरवत बंद. एवढ्यापुरतं ते चांगलं औषध आहे. मात्र काही आठवडे घेतल्यावर एकदम बंद करायचं नाही, शरीराने स्वतःचं स्टिरॉइड बनवणं थांबवलेलं असतं, चक्कर येऊन पडाल.

आता माझे आठ महिने. कुणीतरी सांगितलं की अमुक गावात एक जण पुड्या देतो, नाव घेत नाही, रांग लागलेली असायची. राखाडी पूड आणि काळ्या बारीक गोळ्या, मधात घ्यायच्या. तिसऱ्या दिवशी सकाळी मी उठले आणि मूठ वळली! मी अक्षरशः रडले, सासूबाईंनी नारळ फोडला. सहा महिने घेतल्या. चेहरा गोल झाला, सगळे म्हणायचे तब्येत सुधारली, मग मांडीवर निळे डाग, मग साखर २६० निघाली आणि पुडी दोन दिवस चुकली की अंथरुणातून उठवेना. नंतर डॉक्टरांनी चेहरा बघूनच ओळखलं की यात स्टिरॉइड होतं. तेवढ्या काळात सूज आत चालूच होती, उजव्या हाताच्या मधल्या बोटाच्या मुळाशी हाड खाल्लं गेलं ते आजही एक्सरेत दिसतं. जे औषध "देशी" म्हणून दिलं जातं, ज्यावर कंपनीचं नाव नाही, घटक लिहिलेले नाहीत आणि ज्याने तीन दिवसांत मूठ वळते, त्यात काय असणार ते तुम्हीच ठरवा.

आयुर्वेदाची रीतसर पदवी घेतलेल्या वैद्यांबद्दल हे बोलत नाहीये. त्यांच्याकडे जायचं तर जा, पण दोन्हीकडे दोन्ही चिठ्ठ्या दाखवा. निर्गुडीचा शेक, मोहाचं तेल चोळणं, चोपड्याकडे उनपदेवच्या गरम झऱ्यात पाय सोडून बसणं, याने बरं वाटतं आणि वाईट काही होत नाही, फक्त हे औषधाच्या जागी करू नका. आणि ज्या दिवशी सांधा लाल-गरम असेल त्या दिवशी जोरात चोळू नका.

पेनकिलरचंही तेच. डायक्लोफिनॅक, एसिक्लोफिनॅक, इटोरिकॉक्सिब, यांनी दुखणं दबतं, हाड कुरतडणं थांबत नाही, आणि रोज महिनोन्महिने घेतल्या तर पोटात अल्सर, बीपी, किडनी. उन्हातान्हात केळीच्या बागेत राबणारा माणूस, पाणी कमी पिणारा, वरून रोज दोन पेनकिलर, किडनीचं नुकसान व्हायला याहून जास्त काही लागत नाही.

पायरी ५: वहीत आकडे लिहा

मला वाटतं लोक इथेच फसतात, मी पण फसले. दुखणं कमी झालं म्हणजे आजार थांबला असं आपण धरून चालतो, पण दुखणं पेनकिलरने दबतं, पुडीने दबतं, कधी आपोआप पण दबतं. म्हणून डॉक्टर मोजतात. डास २८ असा एक आकडा असतो, २८ सांध्यांपैकी किती दुखतात, किती सुजलेत, ईएसआर किंवा सीआरपी किती आणि तुम्हाला स्वतःला किती बरं वाटतंय, यावरून तो काढतात. ५.१ च्या वर म्हणजे आजार जोरात, ३.२ च्या खाली आला तर कमी, २.६ च्या खाली म्हणजे शांत. तुमचा आकडा किती आहे ते प्रत्येक व्हिजिटला विचारा आणि वहीत लिहा. यात एक गोम आहे, या २८ सांध्यांत खांदे, कोपर, मनगटं, हाताची बोटं आणि गुडघे येतात, पावलं येतच नाहीत. तुमची पावलं दुखत असतील तर चप्पल काढून दाखवा, नाहीतर कागदावर तुम्ही बऱ्या आणि घरी परत लंगडत.

घरी रोजचं एवढंच लिहायचं: सकाळी हात किती मिनिटं आखडले होते. मी कुकरचं झाकण कितव्या प्रयत्नात लागलं ते पण लिहायचे.

सुरुवातीला दर एक ते तीन महिन्यांनी दाखवायचं असतं. तीन महिन्यांत काहीच सुधारणा नाही किंवा सहा महिन्यांत ठरवलेल्या आकड्यापर्यंत पोचलो नाही तर औषध बदलायचं किंवा वाढवायचं, हा आता सगळीकडचा नियम आहे. तेव्हा दोन वर्षं तीच चिठ्ठी रिपीट होत असेल आणि हात सुजलेलेच असतील तर नम्रपणे विचारा, "डॉक्टर, पुढचं पाऊल काय?" आशा ठेवायला जागा आहे बरं का, सुरुवातीलाच मेथो आणि सोबत थोडे दिवस स्टिरॉइड मिळालेल्यांपैकी जवळजवळ निम्मे लोक शांत किंवा कमी आजारापर्यंत पोचतात. माझ्या आजीच्या पिढीत वाकड्या बोटांच्या, चुलीपाशी सरपटत जाणाऱ्या बायका होत्या, त्या आता नवीन पेशंटमध्ये क्वचित दिसतात.

पायरी ६: महागडी इंजेक्शनं लागली तर

सगळ्यांना लागत नाहीत. मेथो आणि जोडगोळ्या पुरल्या नाहीत तर बायोलॉजिक म्हणून इंजेक्शनं आहेत, अडालिमुमॅब, एटानरसेप्ट, रिटुक्सिमॅब, टोसिलिझुमॅब वगैरे. अडालिमुमॅबचं भारतीय बनावटीचं रूप २०१४ च्या शेवटी आलं तेव्हापासून किमती उतरल्या, तरी ती अजून हजारांतच आहेत. टोफासिटिनिब ही गोळी त्या मानाने पुष्कळ स्वस्त पडते. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत काय बसतं ते हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला आधी विचारा, बिल झाल्यावर विचारून उपयोग नाही.

इथे धोके खरेखुरे आहेत. पहिला टीबीचा. आपल्याकडे पुष्कळांच्या छातीत झोपलेला टीबी असतो आणि यातली काही इंजेक्शनं त्याला उठवतात, म्हणून आधी एक्सरे आणि मँटू (हातावर टोचून करतात ती टीबीची तपासणी) किंवा रक्ताची तपासणी, आणि निघाला तर टीबीचं प्रतिबंधक औषध आधी सुरू. ही तपासणी न करता कुणी इंजेक्शन द्यायला निघालं तर थांबा. टोफासिटिनिबने नागीण उठायचं प्रमाण वाढतं, आणि वय ५० च्या पुढे असेल, बिडी-सिगारेट असेल, हार्टचा त्रास असेल तर जास्त जपून, २०२१ साली अमेरिकेच्या औषध खात्याने यावर हार्ट अटॅक, रक्ताच्या गुठळ्या आणि कॅन्सरबद्दल कडक इशारा दिलाय. स्वस्त आहे म्हणून मेडिकलवरून आपल्या मनाने आणू नका.

इंजेक्शन २ ते ८ डिग्रीत ठेवायचं असतं. नाशिकहून मे महिन्यात एसटीने आणायचं म्हणजे परीक्षाच. छोटा आइसबॉक्स घ्या, इंजेक्शन टॉवेलात गुंडाळा म्हणजे बर्फाला थेट टेकणार नाही, कारण गोठलं तर ते वायाच गेलं. घरी फ्रिजच्या दारात नाही, मधल्या फळीवर ठेवा, आणि लाइट गेली की मुलांना फ्रिज उघडू देऊ नका.

पायरी ७: सांध्यांच्या पलीकडे

आरए सांध्यांपुरता राहत नाही. हार्टचा धोका इतरांच्या साधारण दीडपट असतो, बीपी-शुगर नसली तरी, कारण तीच सूज रक्तवाहिन्यांतही काम करते. म्हणून वर्षातून एकदा बीपी, साखर, कोलेस्टेरॉल. फुप्फुसं कडक व्हायला लागतात काहींची, सुरुवात कोरड्या खोकल्याने होते. हाडं ठिसूळ होतात, स्टिरॉइड घेतलेल्या आणि पाळी गेलेल्या बायकांनी हाडांची घनता तपासून घ्यावी. डोळे कोरडे पडतात, वाळू गेल्यासारखे टोचतात. डोळा लाल होऊन ठणकायला लागला तर त्याच दिवशी डोळ्यांचा डॉक्टर.

इन्फेक्शन लवकर होतात. पऱ्हाटीचा काटा रुतला, विळा लागला, तर हळद भरून सोडून देऊ नका. फ्लूची लस दरवर्षी, न्यूमोनियाची डॉक्टर सांगतील तेव्हा, नागिणीची पण विचारा.

बिडी-सिगारेटने आरए होतोही जास्त आणि औषधही कमी लागू पडतं. हिरड्यांच्या आजाराशीही याचं नातं सापडलंय, तेव्हा मशेरी लावणाऱ्या माझ्या सगळ्या काकू-मावश्यांनो, दातांच्या डॉक्टरकडे एकदा जाऊन या. आजार फार जुना असेल तर मानेचे वरचे मणके सैल होतात, कुठल्याही ऑपरेशनआधी भूल देणाऱ्या डॉक्टरांना आरए आहे हे सांगायचंच.

मन पण खचतं. रात्रंदिवस दुखणारं माणूस चिडचिडं होतं, त्यात कुणी "दिसायला तर चांगली दिसतेस" म्हणलं की संपलंच. त्याचाही इलाज असतो, डॉक्टरांना सांगायला लाजू नका.

खाण्याचं काय, आणि लग्नाचं काय

हे दोन प्रश्न सगळ्यात जास्त येतात. वांगं वातूळ म्हणून बंद करा, असं मला निदान वीस जणांनी सांगितलं असेल. अहो, खान्देशात राहायचं आणि भरीत सोडायचं? वांग्याने, आंबटाने आरए वाढतो याला धड पुरावा नाही. तुम्हाला स्वतःला एखादा पदार्थ खाल्ल्यावर दरवेळी त्रास होतो असं वहीत दिसलं तर तेवढा सोडा. मी भरीत आणि कळण्याची भाकरी खाते, फक्त शेवभाजीवरची तर्री कमी केलीय, ती वजनासाठी आणि हार्टसाठी. वजन उतरलं की गुडघे आणि औषध दोन्ही बरं वागतात.

लग्नाचं जरा कडू आहे. मुलीला आरए निघाला की घरचे लपवतात, लग्न होतं, मुलगी सासरी गोळ्या लपवून घेते, मग बंद करते, चार महिन्यांत हात सुजतात आणि सगळं उघडं पडतं तेही वाईट पद्धतीने. लपवू नका. या आजारात लग्न, मुलंबाळं सगळं होतं. फक्त मेथो आणि लेफ्लुनोमाइडवर असताना दिवस राहता कामा नये, गर्भाला थेट इजा होते. मूल हवं असेल तर आधी डॉक्टरांना सांगायचं, मेथो साधारण तीन महिने आधी थांबवतात, लेफ्लुनोमाइड तर शरीरातून धुऊन काढायला वेगळं औषध देतात, आणि त्या जागी हायड्रॉक्सिक्लोरोक्विन, सल्फासलाझिन अशी चालणारी औषधं देतात. गरोदरपणात पुष्कळ जणींचा आजार आपोआप शांत होतो आणि बाळंतपणानंतर उसळतो, तेव्हा बाळाला धरायला घरात दुसरे हात आधीच ठरवून ठेवा. पुरुषांना सल्फासलाझिनने शुक्राणू कमी होतात, औषध थांबवलं की परत येतात.

गोळ्या कधी बंद होणार

मी पण पहिल्या दिवशी हेच विचारलं होतं. सातव्या महिन्यात माझा डास २.४ आला. वर्षभराने एकही सांधा दुखत नव्हता, म्हणून न विचारता सगळं बंद केलं, आणि बरोबर दहाव्या आठवड्यात एका सकाळी दाराची कडी काढता येईना. परत शून्यापासून, परत स्टिरॉइडचा कोर्स. रीत अशी की आजार निदान सहा महिने-वर्षभर शांत राहिला, स्टिरॉइडही पूर्ण सुटलेलं असलं, तर डॉक्टर हळूहळू डोस उतरवून बघतात. फार थोड्यांचं पूर्ण सुटतं, बाकीच्यांना थोडा डोस चालू ठेवावा लागतो. माझा २० वरून १५ वर आणलाय, दोन वर्षं झाली, सीआरपी नॉर्मल आहे. कालच बाजार होता, मेथी आणि गिलके आणले, जेवून गोळी घेतली.